लेकीचं लायसन्स आणि न्यू जर्सीचं पत्र

शेवटी आज न्यू जर्सीहून पत्र आलं! लेकीने तिकडे शाळेत ड्रायव्हिंगची थिअरी केली, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांसोबत ६ तास गाडीही चालवली. मग आमची बदली झाली कॅलिफोर्नियात. इथेही नियम तोच, ३० तास थिअरी, ६ तास मास्तरांसोबत. पण तिथलं इथे आपोआप चालत नाही. १८ च्या आतल्या मुलांसाठी जुन्या स्कूलने डीएल ३३ नावाचा फॉर्म भरून द्यायचा, नाहीतर लेटरहेडवर लिहून द्यायचं की आमचा कोर्स तुमच्याच तोडीचा आहे. नाही मिळालं तर पुन्हा पैसे भरा आणि पहिल्यापासून सुरू करा.

स्कूलवाले गुजराती काका भले माणूस. फोनवर म्हणाले, "बेटी के मार्क्स भी लिख दूं क्या?" पत्रावर ठसठशीत निळा शिक्का. एवढा मोठा शिक्का मी माझ्या डिग्रीवरही पाहिला नाही!

खरी गंमत पुढेच आहे. आता घरच्यांसोबत ५० तास सराव, त्यातले १० रात्रीचे. शेजारी बसणारा २५ वर्षांचा तरी हवा आणि त्याचं लायसन्स कॅलिफोर्नियाचं हवं. म्हणजे आधी तिच्या बाबांची लेखी परीक्षा. इतकी वर्षं गाडी चालवणारा माणूस रात्री हँडबुक घेऊन बसलाय आणि लेक त्याला प्रश्न विचारतेय. चुकला की "बाबा, सीरियसली?"

फ्रीमाँटकरांनो, रविवारी रिकामे असणारे पार्किंग लॉट सुचवा बरं.