फणसाचा चीक आणि बेसबॉलची बॅट

गुहागरच्या आमच्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात, गेली सहा वर्षे बेसबॉलची एक बॅट उभी होती. अमेरिकेच्या दुय्यम लीगमध्ये काही मोसम होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, ठोकून पुढे विस्मरणात गेलेल्या एका खेळाडूने ती सामन्यांत वापरली, तिच्यावर सही केली आणि माझ्या मेहुण्याने ती तिकडून आणली. बेब रूथ किंवा हँक ॲरन अशा बेसबॉलच्या दिग्गजांच्या बॅटी आमच्यासारख्यांनी लिलावाच्या बातम्यांतच पाहायच्या. १८ एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवरचा पहिला होमरन रूथने ज्या बॅटने मारला, ती २००४ साली साडेबारा लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली.

यंदा गणपतीपूर्वीच्या साफसफाईत आईचे लक्ष या बॅटकडे गेले. मुठीच्या वरच्या भागावर धूळ धरलेला काळपट, चिकट थर होता. तो तिला फणसाचा चीक वाटला आणि चीक काढायची जी रीत आपल्याकडे घरोघर आहे तीच तिने वापरली: खोबरेल तेल चोळले आणि जुन्या धोतराच्या फडक्याने खसाखसा पुसून काढले. मी घरी पोहोचलो तेव्हा बॅट गणपतीच्या पाटासारखी चकाकत होती. मला काय बोलावे ते सुचेना.

तो थर पाइन टारचा होता. पाइनच्या लाकडापासून काढलेले हे डांबरासारखे द्रव्य पकड घट्ट राहावी म्हणून फलंदाज बॅटला लावतात, आणि मुठीच्या टोकापासून १८ इंचांपलीकडे ते लावू नये असा नियम आहे. २४ जुलै १९८३ रोजी जॉर्ज ब्रेट या फलंदाजाचा होमरन पंचांनी याच कारणाने रद्द केला, लीगच्या अध्यक्षांनी तो पुन्हा ग्राह्य धरला, आणि ती बॅट आज कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे. क्रिकेटच्या बॅटला जवसाचे तेल पाजणाऱ्या आपल्या लोकांना हे पटणे अवघड आहे, पण वापरलेल्या बॅटचा मळ हाच तिचा दाखला असतो. सही तर कोऱ्या बॅटवरही करता येते. टारचा थर कोणत्या उंचीवर आहे, बुटांचे खिळे झाडताना पडलेले ओरखडे कोठे आहेत, मुठीखालच्या बोंडावर खेळाडूचा क्रमांक लिहिला आहे का, हे सारे जाणकार जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहतात. अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये २००१ पासून प्रमाणीकरणाची, म्हणजे वस्तू अस्सल असल्याची नोंद ठेवण्याची, पद्धत आहे, त्यामुळे अलीकडच्या वस्तूंवर क्रमांकाचा होलोग्राम मिळतो. जुन्या बॅटींना मात्र त्यांच्या अंगावरच्या खुणांचाच आधार असतो.

सुदैवाने चेंडूच्या खुणा तेलाने जात नाहीत. आमच्या वाडीतल्या सुतारकाकांना मी बॅट दाखवली, तेव्हा त्यांनी ती उजेडात फिरवून विचारले, ‘छाप इथे, मग मार सगळा बाजूला कसा?’ त्यांचा प्रश्न अचूक होता. ॲश लाकडाच्या वाढीचे थर स्पष्ट असतात, आणि थरांच्या सपाट बाजूवर मार बसत राहिला की त्यांचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून कारखान्याची छाप मुद्दाम सपाट बाजूवर उमटवतात आणि फलंदाज छाप वर किंवा खाली ठेवून थरांच्या कडेवर चेंडू घेतो. मेपलच्या बॅटीही आता बऱ्याच दिसतात, पण ॲशच्या बॅटवर छापेच्याच जागी खुणांची दाटी दिसली तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारावेत. माझ्या बॅटवर मार कडेलाच आहे, एवढे समाधान उरले.

सहीही वाचली. ‘कुणाचे तरी नाव दिसत होते, म्हणून तेवढी जागा सोडली,’ असे आईने सांगितले.

आता बॅट सुती पिशवीत घालून, भिंतीपासून दूर, माळ्याखालच्या कपाटात आडवी ठेवली आहे. प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आमच्या पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते, आणि खिडकीजवळ ठेवली तर उन्हाने सहीची शाई उडते. कपाट उघडले की खोबरेलाचा वास अजून येतो. मेहुण्याला दुसरी एक बॅट मिळाली आहे. ती दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावरच पाठव आणि आहे त्याच मळासकट पाठव, असे मी त्याला कळवले आहे.