लिटरला अर्धा ग्रॅम? आधी पक्षी तोला!

उमरेड रोडला माझं चार हजार ब्रॉयलर पक्ष्यांचं शेड आहे. डिसेंबरात नागपूरचा पारा उतरला की पडदे गच्च बंद होतात, खालचं तूस ओलं राहतं आणि अमोनिया डोळ्यांना झोंबतो. गेल्या हिवाळ्यातल्या लॉटला चौथ्या आठवड्यात सीआरडी (कोंबड्यांचा श्वासाचा चिवट आजार) लागली. दिवसाच्या गलक्यात कळायचं नाही, पण रात्री लाइट बंद करून उभं राहिलं की सगळीकडून घुरघुर. खाद्य घटलं, मरतूक वाढली.

औषधाच्या दुकानात उत्तर तयारच असतं. "ही डॉक्सीची पावडर न्या भाऊ, लिटरला अर्धा ग्रॅम टाका." डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिन, पाण्यातून द्यायचं अँटिबायोटिक. पावडर घेण्याआधी मी ताजे मेलेले पक्षी घेऊन सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. पक्षी उघडले तर वायुकोषांत पिवळट घट्ट थर आणि यकृतावर पांढरी साय. डॉक्टर म्हणाले, मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू दार उघडून देतो, मागून ई. कोलाय हा दुसरा जंतू घुसतो. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून त्या भिंतीवरच घाव घालणारं अमॉक्सिसिलिन त्याच्यावर वाया. ई. कोलायच्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टात (कोणतं औषध जंतूवर चालतं त्याची तपासणी) डॉक्सिसायक्लिन चालेल असं आलं.

म्हणजे औषध दुकानदाराने सांगितलं तेच. घोळ मापात होता.

डॉक्टरांनी विचारलं, "पक्षी किती किलोचा? काल पाणी किती गेलं?" डोस किलोमागे 20 मिलिग्रॅम. शेडच्या चारही कोपऱ्यांतले पक्षी पकडून तोलले, सरासरी सव्वा किलो. म्हणजे शेडमध्ये 5,000 किलो वजन, आणि दिवसाला 100 ग्रॅम डॉक्सी. 20 टक्क्यांची पावडर असेल तर 500 ग्रॅम. मीटरवर पाणी गेलेलं 640 लिटर. दुकानाच्या हिशेबाने त्यात 320 ग्रॅमच पडली असती. थंडीत पक्षी पाणी कमी पितो, आजारी तर आणखीनच कमी. अशा अर्धवट डोसात नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. मे महिन्यात उलटं होतं. आपल्याकडच्या उन्हात पक्षी दुपटीने पाणी ओढतो, मग तेच लिटरचं माप जास्त होऊन बसतं.

दुसरी भानगड बोअरच्या पाण्याची. आमच्या टाकीला आतून पांढरा खर चढतो, इतकं ते जड. त्यातलं कॅल्शियम डॉक्सीला धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. म्हणून डॉक्टरांच्या मापाने सायट्रिक ऍसिड घातलं, क्लोरीन तेवढे दिवस थांबवलं. औषधाचं पाणी सकाळ-संध्याकाळ ताजं करायचं आणि दुसरं पाणी बंद. सोबत दुपारी पडदे वरून हातभर उघडे ठेवले, ओलं तूस काढून टाकलं. माझ्या मते हे नसतं तर नुसत्या पावडरीने काही भागलं नसतं.

घुरघुर हळूहळू कमी झाली, मरतूकही उतरली. वजन मात्र मागे पडलं ते पडलंच. मधल्या काळात एकाने कोलिस्टिन हे दुसरं अँटिबायोटिक सुचवलं होतं. 2019 पासून पशुखाद्यात आणि कोंबड्यांत त्यावर बंदी आहे, तरी नाव निघतंच.

शेवटचा तिढा विक्रीचा. डोस संपला त्याच दिवशी व्यापाऱ्याचा फोन, "गाडी पाठवतो, भाव चांगला आहे." मांसात औषध उरू नये म्हणून पाकिटावर औषधानंतर थांबायचे दिवस छापलेले असतात. ते पुरे होईपर्यंत पक्षी देणार नाही म्हटलं, तर म्हणतो, "कोण पाहाते भाऊ?" थांबलो. तोवर भाव किलोमागे उतरला आणि वरच्या दिवसांचं खाद्यही माझ्याच खिशातून गेलं.