भीमाशंकरच्या रानात दशमुळी पाहायला

महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावरच भीमाशंकरला जा, आणि सोमवार टाळा. आम्ही मार्चच्या सुरुवातीला गेलो. पुण्याहून राजगुरुनगरमार्गे साधारण ११० किलोमीटर. अंधारातच निघालात तर ऊन तापायच्या आत रानात शिरता येतं. पुण्याहून एसटीही जाते, पण फुलांसाठी वाटेत थांबायचं तर आपली गाडी बरी.

आम्ही गुप्त भीमाशंकरची वाट धरली. तिथं बहुतेकांच्या माना वर असतात, शेकरू शोधत. दशमुळीसाठी नजर खाली, झाडांच्या सावलीत ठेवावी लागते. कमरेएवढं झुडूप, आणि फांदीच्या टोकाला कणसासारखा तुरा. जवळ जाऊन बसा. तुऱ्यावर एकावर एक चढलेली पांढुरकी छदं, म्हणजे फुलाच्या तळाशी असणारी पानासारखी आवरणं असतात, त्यांवर हिरव्या शिरांची जाळी. त्यांतून फुलाची बारीक, लांब नळी बाहेर येते, पुढे पाच निळ्या पाकळ्या आणि डोकावणारे दोन पुंकेसर. ही जाळीदार छदं मला फुलापेक्षाही सुंदर वाटतात.

शास्त्रीय नाव एरँथेमम रोझियम. रोझियम म्हणजे गुलाबी. निळ्याशार फुलाचं हे नाव ऐकून सोबतची भाची म्हणाली, "मावशी, हे चुकलंय." मग झुडपाखाली गळलेली फुलं तिच्या तळहातावर ठेवली. कोमेजताना ती लालसर गुलाबी होतात. कुळ अडुळशाचं आणि कारवीचंच, अ‍ॅकँथेसी. जुन्या वनस्पतिग्रंथांत शोधणार असाल तर डीडॅलाकँथस रोझियस या नावाखाली बघा, नाहीतर ही सापडायचीच नाही.

एक कळकळीची विनंती. दशमुळी म्हणजे दशमूळ नव्हे. दशमुळारिष्टातली दहा मुळं बेल, टेंटू, शिवण, गोखरू वगैरेंची. त्यांत ही नाही. नावावर जाऊन कुणी मुळं उपटू नका. तसंही हे अभयारण्य आहे, इथलं पानही तोडायचं नाही.

पाणी भरपूर घ्या, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. मार्चमध्ये पाचोळा कडकडीत वाळलेला असतो, ठिणगीसुद्धा नको. फोटो काढताना फुलाबरोबर छदं आणि पान यांचाही एकेक जवळून घ्या. नुसत्या निळ्या पाकळ्यांवरून घरी आल्यावर ओळख पटवणं फार अवघड जातं.