हाक सगळ्यांना, निरोप मोजक्यांना

इजिप्तच्या राज्यकर्त्यांविरुद्ध २५ जानेवारी २०११ ला राजधानी कैरोत झालेल्या निदर्शनांसाठी आयोजकांनी इंटरनेटवर २० ठिकाणं जाहीर केली होती. एकविसावं ठिकाण बुलाक अल-दक्रूर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत होतं आणि ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. पोलीस जाहीर ठिकाणांवर थांबले, आणि या वस्तीतून निघालेला जथा तहरीर चौकात जाऊन पोहोचला. इजिप्तमध्ये फेसबुकनं क्रांती केली असं म्हणणाऱ्यांनी हे एकविसावं ठिकाण लक्षात ठेवावं. आंदोलनात हाक आणि निरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाक जितकी लांब जाईल तितकी चांगली. निरोप मात्र ज्याला हवा त्यालाच मिळायला हवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकाच मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं चालवल्यानं. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, पण साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे नंबर दिसतात. एक फितूर किंवा एक जप्त झालेला फोन, आणि पूर्ण यादी बाहेर. त्याऐवजी जाहीर आवाहनासाठी फेसबुक पेज, सूचनांसाठी फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं चॅनल आणि निर्णयांसाठी ‘सिग्नल’ या मेसेजिंग ॲपवर सात-आठ जणांचा ग्रुप ठेवावा. या शेवटच्या ग्रुपवर संदेश एका दिवसात आपोआप मिटतील अशी सोय करावी. टेलिग्राम सुरक्षितच असतं हा समज घातक आहे. तिथले ग्रुप आणि चॅनल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येणार नाहीत असे, नसतात, फक्त ‘सीक्रेट चॅट’ असते, आणि ती दोघांतच होते.

पेजला किमान तीन ॲडमिन हवेत, शक्यतो वेगवेगळ्या शहरांत. ‘आम्ही सगळे खालिद सईद’ हे पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या तरुणाच्या नावाचं इजिप्तमधलं पेज नोव्हेंबर २०१० मध्ये ऐन निवडणुकीच्या वेळी फेसबुकनं बंद केलं होतं, कारण ॲडमिनचं खातं टोपणनावाचं होतं. परदेशातल्या एका व्यक्तीनं खऱ्या नावानं जबाबदारी घेतली तेव्हा ते परत सुरू झालं. प्रत्येक ॲडमिनच्या खात्याला दुहेरी पडताळणी हवीच, आणि तिचा कोड एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर (फोनवरच कोड तयार करणाऱ्या ॲपवर) यावा, कारण आपल्या नंबरचं सिम दुसऱ्या कुणाला काढून घेता येतं.

आवाहनाच्या पोस्टरवर वार, तारीख, वर्ष, वेळ आणि जागा हे सगळं चित्रातच लिहावं. वर्ष गाळलं की दोन वर्षांनी तेच पोस्टर पुन्हा फिरतं आणि माणसं मोकळ्या चौकात येऊन उभी राहतात. हॅशटॅग एकानंच ठरवावा. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घाचा एक फरक झाला की दोन वेगळे हॅशटॅग तयार होतात आणि जोर विभागला जातो. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरताच जातो, आणि फार फिरलेला संदेश तर एकाच. म्हणून वीसेक कार्यकर्त्यांना मजकूर आधी देऊन ठेवावा आणि ठरल्या वेळी प्रत्येकानं आपापल्या ग्रुपवर तो नव्यानं टाकावा.

प्रत्यक्ष मोर्चात अफवा सर्वांत वेगानं पळते. ‘पुढे लाठीमार झाला’ एवढ्या तीन शब्दांनी चेंगराचेंगरी होऊ शकते. चॅनलवरच्या प्रत्येक सूचनेला क्रमांक आणि वेळ द्यावी: ‘सूचना १४, संध्याकाळी ६:४०’. क्रमांक नाही तो संदेश आपला नाही, हे आधीच सांगून ठेवावं. पडताळणीला दोन माणसं गर्दीबाहेर बसवावीत. जागेची खूण दिसणारा फोटो आल्याशिवाय त्यांनी काही पुढे पाठवू नये. मोर्चा थांबवायचा की पुढे न्यायचा यावर उघड्या ग्रुपवर मतदान घेणं चूकच. हाँगकाँगमध्ये २०१९ साली असं मतदान झालं, पण त्यात घरी बसलेलाही मत देतो आणि पोलीसही.

फोटोतले चेहरे नुसते धूसर न करता गडद चौकटीनं झाकावेत. लाइव्ह प्रक्षेपणात हे जमत नाही, म्हणून ते गर्दीच्या पाठीमागून करावं. अत्याचाराचं चित्रण असेल तर मूळ फाइल न कापता दोन ठिकाणी जपावी. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत सीरियातल्या युद्धाचे असंख्य व्हिडिओ उडाले. ज्यांच्याकडे प्रत नव्हती, त्यांचा पुरावाच गेला.

नेट बंद होईल हे धरूनच आखणी करावी. इजिप्तमध्ये २८ जानेवारीला जवळजवळ देशभराचं इंटरनेट बंद केलं गेलं, ते २ फेब्रुवारीपर्यंत. मोठ्या गर्दीत तर कुणी बंद न करताही डेटा अडकतो, अशा वेळी साधा एसएमएस कधीकधी निघून जातो. ब्लूटूथवर चालणारी ॲप्स दाट गर्दीतच कामाची आणि आधी उतरवून घेतलेली असतील तरच. २०२० मध्ये संशोधकांना ब्रिजफाय या अशाच एका ॲपमध्ये सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडल्या होत्या, त्यामुळे त्यावर नावं लिहू नयेत. नकाशा ऑफलाइन घ्यावा, वकिलाचा नंबर पेनानं हातावर लिहावा. ‘संपर्क तुटला तर अमुक वाजता अमुक जागी भेटायचं’ हे एक वाक्य प्रत्येक गटप्रमुखापर्यंत आदल्या रात्रीच, तोंडी पोहोचलेलं असावं.