एका वडीत दूध किती?

अर्जात मी दहा शेळ्या मागितल्या होत्या. म्हणजे दहा शेळ्या, त्यांच्यासाठी शेड वाढवायचं आणि साबण कापायचं एक मशीन, एवढ्यासाठी कर्ज पाहिजे असं लिहून 'उद्देश' या रकान्यात 'उत्पादन दुप्पट करणे' असं टाकलं होतं. उद्देश नवऱ्याने सांगितला, मी फक्त टाइप केला, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढची सगळी बोलणी मी एकटीने खाल्ली.

आमच्याकडे शेळ्या आधीपासून आहेत, साबण नंतर आला. नऊ दुभत्या, दोन पाटी (अजून न व्यायलेल्या शेळ्या) आणि एक बोकड, तो लांब बांधलेला, कारण माजावर आला की त्याच्या वासाने शेड भरतं आणि धार काढताना तोच वास दुधात जातो की काय असं वाटत राहतं. दूध रोज उरायचं. मग मी साबण शिकले, पहिल्या दोन बॅच वाया घालवल्या (कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण करणारा दाहक क्षार, थेट दुधात ओतला, दूध भगवं झालं आणि असा उग्र वास सुटला की नवरा दोन दिवस त्या खोलीत आला नाही), मग कळलं की दूध आधी बर्फ करून घ्यायचं आणि कॉस्टिक त्यावर थोडं थोडं टाकत ढवळायचं म्हणजे ते तापून करपत नाही. तेव्हापासून बरं चाललंय. बरं म्हणजे काय, तेच त्या दिवशी कळायचं होतं.

कर्जाच्या अर्जासाठी बोलावलं त्या दिवशी समोर तिघं होते. एक मॅडम, एक हिशेबवाले साहेब, आणि एक तरुण मुलगा जो दर दोन वाक्यांनी 'स्टोरी' म्हणत होता. मी सहा वड्या नेल्या होत्या, खाकी कागदात, सुतळी बांधून, वर शेळीचं चित्र. मुलगा खूश. म्हणाला ताई तुमची स्टोरी सांगा. मी सुरू झाले, शेळीचं दूध, त्यातलं लॅक्टिक ॲसिड, त्वचा मऊ होते, एक्झिमावर गुणकारी वगैरे, जे पत्रकावर छापलं होतं तेच.

मॅडमनी मध्येच विचारलं, "कॉस्टिक घातल्यावर लॅक्टिक ॲसिड हे ॲसिड राहतं का हो?"

नाही राहत. मला माहीत होतं. त्याचं सोडियम लॅक्टेट होतं, त्याने वडी कडक व्हायला मदत होते, पण साबणाचा पीएच शेवटी ९-१० च्या आसपासच, म्हणजे ७ च्या वर, क्षाराच्या बाजूला, तिथे ॲसिड कुठलं. मी तसं सांगितलं तर त्यांनी पेन्सिलने पत्रकावरची ती ओळ खोडली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "एक्झिमा पण काढा. रोग बरा करतो म्हणालात की ते औषध झालं, मग औषधाचे नियम पाळणार का?" दोन मिनिटांत माझ्या दोन सगळ्यात भारी ओळी गेल्या.

तेवढ्यात साहेबांनी टपाल तोलायचा काटा पुढे ओढून वडी त्यावर ठेवली. ९१ ग्रॅम. लेबलवर १००. मी म्हटलं साहेब कापतो तेव्हा शंभरच असते, सहा आठवडे सुकवतो ना, पाणी उडतं. ते म्हणाले मग गिऱ्हाईक ओली वडी घेतं की सुकलेली? यावर काय बोलणार.

मग मॅडमनी वडी टेबलावर ठेवून कागद कापायच्या सुरीने मधोमध कापली आणि आत गडद गोल निघाला, बाहेरून पांढरट, मध्ये बदामी, उकडलेल्या अंड्यासारखा. मुलाचा चेहरा पडला. "खराब आहे का?" मला एकदम बरं वाटलं कारण हा प्रश्न माझ्या इलाख्यातला होता. साबण साच्यात ओतल्यावर आतल्या आत तापतो, मध्ये जास्त, कडेला कमी, मधला भाग तेवढा जेलसारखा होऊन गडद पडतो, दुधातली साखर उष्णतेने रंग आणखी वाढवते. दिसायला वाईट, वापरायला काही नाही. साचा लगेच फ्रिजमध्ये ठेवला की होत नाही, पण त्या दिवशी फ्रिजमध्ये जागा नव्हती.

"पण मध्ये कॉस्टिक राहिलं नसेल कशावरून?" साहेब.

मी तो अर्धा तुकडा उचलला, बोट ओलं करून मधल्या गडद भागावर चोळलं, आणि बोट जिभेवर टेकवलं. तिघंही बघतच राहिले. साबण करणारे असंच बघतात, कॉस्टिक शिल्लक असेल तर ९ व्होल्टच्या बॅटरीला जीभ लावल्यासारखा चटका बसतो, नसेल तर नुसती साबणाची घाण चव. घाण चवच होती. पाणी मागितलं. मुलगा धावत जाऊन घेऊन आला आणि त्यानंतर त्याने 'स्टोरी' हा शब्द एकदाही काढला नाही.

मला वाटलं जिंकले.

मॅडमनी कॅल्क्युलेटर जवळ घेतला. "एका बॅचला काय काय लागतं?" मी म्हटलं एक किलो तेलं, म्हणजे ऑलिव्ह, खोबरेल आणि पाम मिळून, १४० ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक, आणि ३३० ग्रॅम दूध, पाणी अजिबात नाही, पूर्ण दूध, हे मी जरा जोरातच सांगितलं कारण बरेच जण अर्धं पाणी घालतात. "वड्या किती निघतात?" चौदा. "म्हणजे एका वडीत दूध किती?"

आता हा हिशेब मी तीन वर्षांत एकदाही केला नव्हता. खरंच नव्हता. तेलाचा ग्रॅम ग्रॅम केला, कॉस्टिकचा केला, सुतळीचासुद्धा केला, पण दूध घरचं म्हणून ते कधी मोजावंसंच वाटलं नाही.

२३-२४ ग्रॅम. म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे धरा.

"आठवड्याला किती बॅच?" आठ. "म्हणजे दूध दोन लिटर सहाशे चाळीस. आणि नऊ शेळ्या आठवड्याला देतात किती?" दिवसाला बारा लिटर धरा, आठवड्याचे ८४. मॅडमनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून ठेवला. "८४ मधले पावणेतीन सुद्धा तुम्ही वापरत नाही, आणि दूध वाढवायला अजून दहा शेळ्या?"

मी काहीतरी बोलले, बाकीचं दूध घरी, करडांना, थोडं शेजारी विकतो, असं. ते ऐकून साहेबांनी माझाच खर्चाचा कागद पुढे केला. त्यात साबणाच्या खर्चात चारा होता, खुराक होता, जंताचं औषध, डॉक्टर, शेडची दुरुस्ती, सगळं साबणाच्या नावावर. "यात मजुरी दिसत नाही." मी म्हटलं मजुरी कुठली, आम्ही दोघंच करतो. ते म्हणाले तुमच्या जागी कामाला बाई ठेवली तर फुकट येईल का? मग त्यांनी मला तास लिहायला लावले, दोन वेळची धार, झाडलोट, चारा, मग साबण करणं, कापणं, उलथवून ठेवणं, कागद बांधणं, आणि दुसऱ्याला जी मजुरी देतो तीच लावली. मी नफा म्हणून जो आकडा अर्जात ठळक करून दिला होता तो गेला, आणि त्या जागी उणे चिन्ह आलं.

"साबण तोट्यात नाहीये," मॅडम म्हणाल्या, जरा हळू आवाजात. "साबणाचा कच्चा माल तेल आहे, दूध नाही. तुमचा साबण शेळ्यांना पोसतोय."

मला खरं सांगायचं तर राग आला. शेळ्या आमच्या आहेत, त्यांच्यामुळे साबण आहे, लेबलवर शेळीचं चित्र आहे, लोक शेळी बघूनच घेतात. पण रागात सुद्धा डोकं चालत होतं आणि ते दुसरीकडेच गेलं. गेल्या वर्षी आमच्या सगळ्या शेळ्या एकदम गाभण होत्या, व्यायच्या आधी दोन महिने आटवल्या, तर दूध नाही म्हणून साबण बंद ठेवला होता, दोन महिने, आणि बरीच गिऱ्हाइकं तेव्हाच तुटली. आठवड्याला दोन लिटर सहाशे चाळीस, नऊ आठवडे. २४ लिटर पण नाही. डीप फ्रीझरचा एक कोपरा. दूध बर्फ करूनच वापरते ना मी, मग तो बर्फ दोन महिने आधीचा असला तर काय बिघडलं? हे मी तिथेच मोठ्याने बोलले, आणि साहेब पहिल्यांदा हसले.

मग बोलणं सुरळीत झालं. सुकायला ठेवलेल्या वड्या किती असतात विचारलं, सहा आठवड्यांच्या म्हणजे ६७२, आणि त्या कुठे ठेवता तर पलंगाखाली वर्तमानपत्रावर, हे सांगताना मलाच लाज वाटली. मॅडम म्हणाल्या तुमचा पैसा पलंगाखाली सहा आठवडे अडकतो, त्या काळात तेल कशाने आणता? उधारीवर. उधारीचं तेल महाग पडतं हे मला कोणी शिकवायला नको, पण ते कर्जाच्या अर्जात लिहायचं असतं हे सुचलंच नव्हतं, मला वाटलं कर्ज म्हणजे काहीतरी दिसेल असं आणायचं, मशीन नाहीतर जनावर.

अर्ज परत दिला. पंधरा दिवसांत नवीन लिहून आणा, फ्रीझर, सुकवायच्या मांडण्या, तीन महिन्यांचं तेल घाऊक. मंजूर होईल असं कोणी म्हणालं नाही. निघताना मुलाने कापलेल्या वडीचा दुसरा अर्धा भाग मागून घेतला.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळची धार चालली होती. नवऱ्याने मान वर न करता विचारलं, "किती दिल्या?"

मी पायरीवर बसून सगळं सांगितलं, २४ ग्रॅमपासून उणे चिन्हापर्यंत. तो ऐकत होता, हात चालूच. एक शेळी संपवून दुसरीकडे वळला, कास पुसली, मग चरवी तिरकी करून आतल्या दुधाकडे बघत बसला.

"मग हे बाकीचं?" म्हणाला.

नवा अर्ज तीन दिवस झाले उघडून ठेवलाय. फ्रीझर, मांडण्या, तेल, सगळं भरून झालं. 'उद्देश' तेवढा राहिलाय, कारण आता तो म्हणतो त्यात त्या ८१ लिटरचं पण काहीतरी लिही.