मामांची पाटी आणि बदकाची सही

क्रूझच्या बॅगेत शाळेची पाटी भरणारी बहुतेक मीच पहिली असेन. बंदरावरच्या तपासणीत मशीनपलीकडच्या बाईने ती बाहेर काढली, उलटीसुलटी केली, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "दगड." खोटं नव्हतं. अंबाजोगाईच्या बाजारातून घेतलेली, रुंद लाकडी चौकटीची दगडी पाटी होती ती. कोपऱ्यात स्पंजाची दोरी बांधायला भोकसुद्धा होतं. बाईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या लेकीकडे पाहिलं आणि पाटी परत दिली.

पाटी मामांसाठी होती.

आमचे मामा एसटीत कंडक्टर होते. आयुष्य गेलं अंबाजोगाई डेपोत. त्यांचा आवाज स्टँडाच्या या टोकाला सुरू व्हायचा आणि त्या टोकाच्या रसवंतीवाल्यापर्यंत पोचायचा. "केज, मांजरसुंबा, बीड, बीड, बीऽऽड!" मुलांच्या कौतुकाचा मात्र त्यांचा दुसराच आवाज होता, डोनाल्ड डकचा. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर रविवारी डिस्नेची कार्टून हिंदीतून लागायची. वाड्यातली पंधरा-वीस पोरं मामांच्या खोलीत खाली बसायची आणि मामा ड्यूटीवर नसतील तर आमच्यात मांडी घालून. ते बदक बोललेलं आम्हाला हिंदीतही कळायचं नाही, पण मामांनी आठवड्याभरात त्याचा आवाज उचलला. मग मे महिन्यात, खच्चून भरलेल्या गाडीत एखादं लेकरू रडायला लागलं की मामा तिकिटांचा ट्रे काखेत मारून, वाकून, बदकाच्या आवाजात विचारायचे, "हाफ का फुल?" रडणारं पोर गप्प. शेजारची म्हातारी मात्र घाबरायची.

ती कला त्यांनी मलाही शिकवली. एका गालात हवा कोंडायची आणि गाल दाबून ती दातांच्या फटीतून बाहेर पिळायची. घशाचं काम नाही. थुंकी फार उडते. आजी म्हणायची, "माय, पोरीच्या जातीला काय शिकवायलास रं हे!"

मामांना बिडीचा नाद होता. सोडली, धरली, सोडली. तीन वर्षांपूर्वी आवाज बसला तो बसलाच. दोन महिने हळद-दूध, ज्येष्ठमध, कुणी सांगितलेला काढा. मग दुर्बीण घालून पाहिलं तर स्वरयंत्राचा कॅन्सर, तोही पुढे गेलेला. ऑपरेशन करून पूर्ण स्वरयंत्र काढलं. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. आता मामा नाकातोंडाने श्वास घेत नाहीत. गळ्याच्या खाली समोरच एक भोक आहे, श्वासनलिका तिथे जोडलेली. त्यावर जाळीचा रुमाल बांधतात. आंघोळीला पाणी तिथे जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. नाकातून हवाच जात नाही म्हणून वासही जवळजवळ गेला. मामी काळ्या मसाल्याची फोडणी घालते, सगळी गल्ली शिंकते आणि मामा ढिम्म. मामीला आवाजापेक्षा याचंच वाईट वाटतं, असं मला वाटतं.

बोलण्यासाठी उपाय असतात. गळ्याला टेकवायचं बॅटरीचं यंत्र असतं, झडप बसवता येते, ढेकरेसारखी हवा अन्ननलिकेतून वर आणून बोलायला शिकवतात. यंत्राचा आवाज ऐकून मामांनी पाटीवर लिहिलं, "ह्ये तर बस रिव्हर्स घेतल्यासारखं." ते कपाटात गेलं. आणि मग एकदा आवाजाचे व्यायाम घेणाऱ्या ताईंनी सहज सांगितलेली गोष्ट मामीने मला फोनवर सांगितली, तेव्हा मी हातातलं काम सोडून खाली बसले. डोनाल्ड डकचा आवाज स्वरयंत्रातून निघतच नाही! तो गालात तयार होतो. त्याला फुप्फुसातली हवासुद्धा लागत नाही. म्हणजे मामांचे दोन आवाज होते, त्यातला एक ऑपरेशनने नेला आणि दुसरा जागच्या जागी होता.

मी नंतर शोधून वाचलं. क्लॅरेन्स नॅश नावाच्या माणसाने 1934 पासून जवळजवळ पन्नास वर्षं तो आवाज दिला. स्वरयंत्राशिवाय बोलण्याच्या प्रकारांमध्ये या गालातल्या बोलण्याचीही नोंद आहे. पण शिकवत नाहीत कुणी, कारण ऐकणाऱ्याला त्यातलं निम्मंही कळत नाही. ताई म्हणाल्या ते तेच. आणि मामा? मामांनी त्या दिवसापासून तो आवाज एकदाही काढला नाही. मामीने विचारलं तर पाटीवर लिहिलं, "लोकं हसतेल." आयुष्यभर लोकांना हसवायला काढलेला आवाज. आता दुसरा उरला नाही म्हटल्यावर तो चेष्टा झाला.

नातवाची जुनी पाटी वापरतात ते. मोबाइलवर टाइप करायला दिलं तर म्हणतात (म्हणजे लिहितात), बोटं जाड हायेत. मागच्या डिसेंबरात गेले तेव्हा तिची चौकट खिळखिळी झालेली पाहिली, म्हणून बाजारात दुसरी घेतली. द्यायची राहिली आणि कपड्यांत गुंडाळून माझ्याबरोबर अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला, आमच्या घरी आली. विसरभोळेपणा, दुसरं काही नाही. पण एप्रिलमध्ये लेकीच्या हट्टापायी डिस्नेच्या जहाजाची तीन रात्रींची तिकिटं काढली, आणि कपाटात ती पाटी दिसली.

जहाजाचं नाव 'डिस्ने विश', 2022 साली पाण्यात उतरलेलं. आमच्या घरापासून अडीच तासांवरच्या पोर्ट कॅनाव्हरलहून निघतं. पलीकडेच अंतराळयानं सोडायचं केनेडी केंद्र आहे. बाराशेहून जास्त खोल्या, माणसं तालुक्याच्या बाजाराइतकी. मजल्यांचे आकडे लक्षात राहीपर्यंत परतायची वेळ होते. समुद्र बघायला आलेले लोक बहुतेक वेळ कशाच्या ना कशाच्या रांगेत असतात, आणि त्यातली सगळ्यांत लांब रांग सह्यांची.

या सह्यांचं एक वेगळंच जग आहे. मिकी, मिनी, गूफी, म्हणजे तो वेश घातलेली माणसं, ठरल्या वेळी ठरल्या जागी येतात, वेळा मोबाइलच्या ॲपवर कळतात. लोक वह्या आणतात, फोटोच्या चौकटीचा पांढरा पुठ्ठा आणतात, उशीचे अभ्रे आणतात. एका आजीबाईंनी अख्खी पांढरी चादर आणली होती. मला आमच्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांची पासोडी आठवली. कापडावर ग्रंथ लिहायचा म्हणजे काय ते अंबाजोगाईच्या माणसाला सांगावं लागत नाही.

रांगेतल्या बायकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, पेन जाड लागतो. त्या मोठ्या हातमोज्यात चारच बोटं असतात, आपलं बारीक बॉलपेन त्यात सापडत नाही. दुसरी, टोपणाचा पेन नको, दाबून उघडणारा हवा. माझ्याकडे बारीक आणि टोपणाचा होता. पुढच्या बाईने तिचा जाड मार्कर दिला आणि शेवटपर्यंत परत घेतला नाही.

पहिल्या दिवशी मोठ्या दालनात मिकी आणि मिनी. राजकन्या बोलतात, गप्पा मारतात. पण मुखवटेवाले बोलत नाहीत, अजिबात नाही. हे मला माहीत नव्हतं. मिकीने पाटी पाहिली, दोन्ही हात गालांवर नेले, पाटीकडे बोट, माझ्याकडे बोट, मग हवेत खडूने लिहिल्यासारखं केलं. मी म्हटलं, "हो, लिहायची पाटी." त्याने पाठ ताठ केली, हाताची घडी घातली, मास्तरांसमोरच्या पोरासारखा उभा राहिला. एक शब्द नाही आणि मला सगळं कळत होतं. मामी म्हणते ना, "मला तर पाटी लागतच नाही, त्यांच्या भुवया बघून कळतं," ते तिथे उभ्या उभ्या पटलं. मिकीने चौकटीच्या वरच्या पट्टीवर सही केली, मिनीने खालच्या. मिकीची सही जगात कुठेही घ्या, एकसारखीच असते.

गूफीच्या वेळी मी घोटाळा केला. पाटी तिरकी धरली आणि त्याची सही चौकटीवरून सुरू होऊन घसरली ती थेट दगडावर. काळ्या पाटीवर काळी शाई. त्याने डोक्यावरून हात फिरवला, मी म्हटलं चालतंय. प्लूटोने सहीबरोबर पंजा काढला.

डोनाल्ड मिळेना. पहिल्या संध्याकाळी त्याची वेळ होती, पण मी जेवणाच्या टेबलावर अडकले. अडकले कशात, तर वरणभातात. आधी सांगितलं तर हे लोक भारतीय जेवण करून देतात. आमच्या टेबलाचा वेटर सिंधुदुर्गातला निघाला. (रेस्टॉरंट रोज वेगळं, पण वेटर तेच तुमच्याबरोबर फिरतात.) त्याने पिवळं वरण आणून ठेवलं आणि मला उठवेना. पोचले तेव्हा रांगेच्या शेवटी माणूस उभा, यापुढे कुणी नाही. दुसऱ्या दिवशी बहामातल्या नासाऊ बंदरावर उतरलो आणि परत यायला उशीर झाला, तोही माझाच. बहामात काय पाहिलंत विचाराल तर मी काही सांगू शकणार नाही. घड्याळ पाहिलं.

रात्री वेटरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, उद्या बेटावर. उतरलात की पोहायला धावू नका, आधी बदक गाठा."

कास्टअवे के हे डिस्नेच्या ताब्यातलंच छोटं बेट आहे. पाणी इतकं निळं की खोटं वाटतं. सगळे टॉवेल घेऊन पाण्याकडे निघाले आणि आम्ही पाटी घेऊन उन्हात. माझा नंबर आला तेव्हा मला एकाएकी काही सुचेना. इंग्रजीत काय सांगायचं? माझे मामा, कंडक्टर होते, कॅन्सर झाला, तुमचा आवाज काढायचे? मागे चाळीस माणसं. मी सरळ गालात हवा कोंडली आणि वीस-पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा म्हटलं, "हाफ का फुल?"

रांग हसली. नवरा दुसरीकडे बघायला लागला. डोनाल्ड क्षणभर थांबला आणि मग जो काही चिडला! मुठी आवळल्या, पाय आपटले, स्वतःच्या छातीकडे बोट, माझ्याकडे बोट, नाही नाही अशी मान. माझा आवाज चोरतेस? मग मी सांगितलं. दोन वाक्यांत, जसं जमलं तसं. गळ्याला हात लावून दाखवलं. त्याने पाय आपटणं थांबवलं. पाटी दोन्ही हातांनी घेतली, चौकटीची उजवी बाजू बघितली, डावी बघितली, आणि डाव्या बाजूला, जिथे लिहिताना हात टेकतो तिथे नाही, मोकळ्या जागी, सावकाश सही केली. शेवटी खाली जाड रेघ ओढली. पाटी परत देताना त्याने त्याचं बोट आपल्या चोचीवर ठेवलं, मग माझ्या गालाकडे केलं. त्याचा अर्थ मी अजून शोधते आहे. लेक म्हणते, "त्याने तुला गप्प बस सांगितलं."

पाटीचा पुढचा प्रवास क्रूझपेक्षा मोठा. कुरिअरने दगड पाठवायची हिंमत होईना. ओळखीतले एक काका हैदराबादला निघाले होते, त्यांच्या सामानात दोन रजयांच्या मध्ये ती गेली. तिथून त्यांच्या भाच्याबरोबर रेल्वेने परळीला. आमच्या गावाला रेल्वे नाही, ती कधी येणार हा विषय पुन्हा कधीतरी. परळीहून पुढे एसटीत, कंडक्टरच्या हवाली. मामांचं नाव सांगितल्यावर त्या पोराने पाटी आपल्या सीटखाली ठेवली नाही, मांडीवर ठेवली, असं मामीने सांगितलं.

रविवारी व्हिडिओ कॉल केला. मला वाटलं होतं पाटी भिंतीवर टांगलेली असेल. तसं मामीने करून पाहिलं होतं, मामांनी काढायला लावली. नव्या पाटीवर दुधाचा हिशोब लिहिलेला होता. मामांनी तो पुसला आणि पाटी उजेडात तिरकी धरली. गूफीची काळी सही चमकली. स्पंजाने जात नाही ती. मग लिहिलं, "डोनल्डची सही तलाठ्यावानी हाय." मग पुसून, "पगार किती असंल त्येला?"

"मला काय माहीत मामा."

"ईचारायचं नाही का?"

लेक मध्ये घुसली. तिला मराठी समजतं, बोलते अर्धंमुर्धं. "आजोबा, डकचा आवाज काढा ना. आईने काढला, पण सगळे हसले."

मामा थांबले. दाराकडे पाहिलं. मामीने काही न बोलता उठून दार लोटलं. मामांनी रुमाल नीट केला, एक गाल फुगवला, आणि फोनमधून काहीतरी आलं. बारीक, ओलसर, चिरकं. मला कळलं नाही. मामीलाही कळलं नाही, ती म्हणाली, "काय म्हणायलाव?" लेक म्हणाली, "परत." मामांनी परत केलं. परत. चौथ्या वेळी थुंकी उडाली, त्यांनी ती बाहीने पुसली आणि हरल्यासारखी पाटी उचलली.

"हाफ का फुल?"

"फुल!" लेक म्हणाली.

मामांनी तिचं वय विचारायला माझ्याकडे भुवया उडवल्या. मी सात बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली आणि खाली लिहिलं, "बारापस्तोर हाफच."