‘सर्फर रोझा’चा आवाज: माईक किती लांब ठेवायचा?

बॉस्टनच्या पिक्सीज या रॉक बँडचा ‘सर्फर रोझा’ मार्च १९८८ मध्ये ब्रिटनच्या फोर-ए-डी या लेबलवर आला. आदल्या वर्षीचा ‘कम ऑन पिलग्रिम’ डेमोमधली (अल्बमआधी केलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगमधली) आठ गाणी निवडून काढलेला होता, त्यामुळे पूर्ण लांबीचा पहिला अल्बम हाच. डिसेंबर १९८७ मध्ये बॉस्टनच्याच क्यू डिव्हिजन स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला. रेकॉर्डिंग साउंड इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीचं. त्याने दीड हजार डॉलर घेतले आणि रॉयल्टीला नकार दिला.

हळू-जोरात-हळू ही पिक्सीजच्या गाण्यांची रचना सगळ्यांना ठाऊक आहे; निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने ती उचलल्याचं स्वतःच सांगितलं होतं. पण माझ्या मते या अल्बमचं खरं वाद्य म्हणजे माईक आणि वाद्य यांच्यामधलं अंतर. ‘बोन मशीन’ सुरू होतं ते नुसत्या ड्रम्सवर. मग बेस येतो, मग गिटार. ते सुरुवातीचे ठोके हेडफोनवर ऐका. ड्रमर डेव्हिड लव्हरिंगची स्नेअर (ड्रम्समधला कडकडीत वाजणारा छोटा ड्रम) जवळ वाजते आणि तिच्यामागे लगेच खोली वाजते. १९८८ मधल्या बहुतेक रेकॉर्डवर स्नेअरला डिजिटल रिव्हर्ब (यंत्राने तयार केलेला घुमारा) चोपडलेला असायचा. इथे हवा खरी आहे.

हा आवाज घरी काढायचा असेल तर आधी थोडं गणित. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. माईक ड्रम्सपासून तीन मीटरवर असेल तर ठोका त्याच्याकडे सुमारे नऊ मिलिसेकंदांनी पोचतो. दहा बाय बाराच्या खोलीत एवढं अंतरच मिळत नाही. वर समोरासमोरच्या भिंतींवरून आवाज इतक्या लवकर परततो की मूळ ठोक्यात मिसळून काही फ्रिक्वेन्सी खाऊन टाकतो आणि ड्रम्स खोक्यात वाजल्यासारखे येतात. माईक स्टँडवर न लावता जमिनीलगत ठेवा, म्हणजे निदान फरशीवरून उलटणाऱ्या आवाजाची भानगड मिटते. मग सॉफ्टवेअरमध्ये खोलीचा ट्रॅक (म्हणजे या लांबच्या माईकचं रेकॉर्डिंग) दहा ते वीस मिलिसेकंद मागे सरकवा. अल्बिनी लांबच्या माईकना असाच उशीर देत असे. खोली आहे त्यापेक्षा मोठी वाटते. तीस-चाळीसच्या पुढे गेलात की स्नेअरचे दोन ठोके ऐकू यायला लागतात, तिथे थांबायचं. खोलीच्या ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) एकदा उलटी करून बघा आणि ज्या बाजूला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) जाड लागते ती ठेवा.

यात हमखास बिघडतं ते झांजांमुळे. लांबचा माईक झांजा भरभरून पकडतो, आणि त्यावर कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीकडे आणणारं साधन) लावला की सगळा नुसता फस्स आवाज. मिक्सिंगमध्ये हे नीट होत नाही, वाजवणाऱ्यानेच करायला हवं: कातड्यावर जोरात, झांजेवर हलक्या हाताने.

बँडची बेस वाजवणारी गायिका किम डील हिच्या आवाजासाठी तर स्टुडिओचं बाथरूमच वापरलं. ‘व्हेअर इज माय माइंड?’मधला तिचा तो मागून तरंगणारा स्वर तिथला आहे. आपल्याकडच्या छतापर्यंत टाइल्स लावलेल्या बाथरूममध्ये हे छान जमतं, फक्त टॉवेल आणि पायपुसणं बाहेर काढा. माईक तोंडासमोर नको, गायिकेची पाठ त्याच्याकडे असली तरी चालेल. एक्झॉस्ट फॅन बंद करायला मात्र विसरू नका, ती घरघर नंतर निघत नाही.

‘समथिंग अगेन्स्ट यू’मध्ये मुख्य गायक ब्लॅक फ्रान्सिसचा आवाज गिटारच्या अँपमधून काढलाय. रेकॉर्ड केलेला आवाज इंटरफेसमधून (कॉम्प्युटरला माईक-वाद्यं जोडणाऱ्या उपकरणातून) थेट अँपला जोडला तर पातळी फार चढी असते, इनपुट आधीच फाटतो आणि शब्द चिखल होतात. मध्ये रीअँप बॉक्स (पातळी उतरवून अँपला जुळवणारी डबी) घाला. तो नसेल तर आउटपुट अगदी खाली ठेवून हळूहळू वाढवा.

आता ‘व्हेअर इज माय माइंड?’चे कॉर्ड: ई, सी शार्प मायनर, जी शार्प, ए. नवशिके तिसरा कॉर्ड मायनर वाजवतात, कारण ई मेजरच्या स्केलमध्ये तोच बसतो. पण तो मेजर आहे. ई हा सा धरला तर दुसऱ्या कॉर्डमधला शुद्ध धैवत तिसऱ्यात कोमल होतो आणि चौथ्यात परत शुद्ध. गाण्यातली ती जमीन सरकल्याची भावना या एका धैवतात आहे. मायनर वाजवलात की त्या जागी पंचम येतो आणि सगळं गुळगुळीत होतं. जोई सँटियागोची गिटार त्यावर मोजकेच स्वर पुन्हा पुन्हा वाजवते. तिथे जास्तीची एकही जागा घेऊ नका.

माईकच्या अंतराने काय होतं हे कानाने पडताळायचं असेल तर ‘जायगँटिक’ दोनदा ऐका: आधी अल्बमवरचं, मग त्याच वर्षी सिंगलसाठी निर्माता गिल नॉर्टनने पुन्हा रेकॉर्ड केलेलं. बँड तोच, गाणं तेच. सिंगलमध्ये सगळं जास्त घोटीव आणि नेटकं आहे, रेडिओला ते सोयीचंही आहे. अल्बमवरच्यात सुरुवातीला बेस एकटा चालतो तेव्हा त्याच्याभोवतीची खोली जाणवते, आणि ड्रम्स पडले की ती खोली एकदम भरते. मला कायम अल्बमवरचंच हवं असतं.